गोधडीवरचा पैलवान

त्या घरात सिनेमा बघायचा म्हणजे एकाने रिमोट घेऊन पहाऱ्यावर बसावं लागे. पडद्यावरची माणसं बोलायला लागली की आवाज वाढवायचा, मारामारीला उठली की झटकन कमी करायचा. हा पहारा सासऱ्यांकडे होता आणि तो त्यांना मुळीच जमत नव्हता. उभा जन्म कापडगिरणीत, मागांच्या खडखडाटात काढलेला माणूस. कान तिथेच ठेवून घरी आलो, असं ते स्वतःच म्हणत. माणसं कुजबुजायला लागली की म्हातारबुवा आवाज वाढवत वाढवत पार टोकाला नेत. तेवढ्यात कुठला तरी पूल नाहीतर टँकर उडे, आणि कमी करायचं बटण त्यांच्या अंगठ्याला सापडेपर्यंत खालच्या मजल्यावरचे लोक झाडूच्या दांड्याने छत ठोकायला लागलेले असत.

"बोलताना ही माणसं तोंडात गुळणी धरतात की काय?" सासरे विचारत.

"बाबा, त्यांचं गुपित चाललंय, म्हणून हळू बोलतात," त्यांचा मुलगा म्हणे.

"गुपित होतं तर सिनेमात कशाला आले?"

प्लेअर नवऱ्याने मोठ्या हौसेने आणला होता. पहाटे अंधारात बेकरीची गाडी घेऊन निघणारा आणि दिवसभर दुकानादुकानांत पावाचे ट्रे उतरवणारा माणूस. संध्याकाळचा सिनेमा ही त्याची एकुलती एक चैन. टीव्हीखाली एक चपटा काळा डबा, दोन बाजूंना दोन हडकुळे स्पीकर, आणि जमिनीवर गुडघ्याएवढा जाडजूड खोका. त्या खोक्यातून शब्द म्हणून कधी आला नाही, यायचा तो नुसता दणका. तो घुमायला लागला की कुणी शड्डू ठोकतंय असं वाटे, म्हणून घरात त्याचं नाव पैलवान पडलं. पैलवानाला एका कोपऱ्याशिवाय जागा नव्हती, आणि बाळाच्या कठडेवाल्या खाटेलाही नव्हती. खिडकीपाशी वारा, दारापाशी सगळ्यांची ये-जा. तेव्हा दोघं एकाच कोपऱ्यात, फळ्यांच्या जुन्या जमिनीवर, अंगाला अंग लावून उभे होते.

खाटेत ढब्बू. तिचं खरं नाव चांगलं भारदस्त होतं, पण आजोबांनी पहिल्याच दिवशी गालांकडे बघून ढब्बू म्हटलं आणि भारदस्त नाव गुंडाळून वर ठेवलं गेलं. आता ती उशीला टेकून बसायला लागली होती.

पूल उडाला की ढब्बूही उडे. दोन्ही हात फाकायचे, बोटं ताणली जायची, डोळे एवढाले व्हायचे, मग खालचा ओठ हळूच बाहेर यायचा आणि भोकाड. आणि प्रत्येक वेळी तिचा बाप सोफ्यावरून उठून दोन्ही मुठी वर करायचा.

"ऐकलं! पास! पोरगी पास!"

या 'पास'च्या मागे जे होतं ते त्या घरात कुणी तोंडाने बोलत नसे. ढब्बू जन्मली तेव्हा दवाखान्यातल्या नर्सने तिच्या कानात बारीक बोंडं घातली होती आणि हातातल्या यंत्राकडे बराच वेळ बघितलं होतं. मग म्हणाली होती, "आज येत नाहीये. कानात पाणी असेल, खूप बाळांचं असतं. थोड्या दिवसांनी पुन्हा आणा." पुन्हा नेलं, तर यंत्राला हवं झोपलेलं मूल आणि हिने सबंध वेळ दवाखाना डोक्यावर घेतलेला. झोपवून आणा, म्हणाले. मधल्या दिवसांत घरात प्लेअर आला, पहिल्याच संध्याकाळी पहिला स्फोट झाला, आणि ढब्बू दचकून रडली. नवऱ्याने तिला उचलून खोलीभर नाचवलं. तिसऱ्यांदा दवाखान्यात जाणं मग या आठवड्याचं पुढच्या आठवड्यावर गेलं, आणि तिथून कुठे गेलं ते कुणी विचारलं नाही.

ढब्बूच्या आईनेही विचारलं नाही. आई होती, तरी नाही. दचकणारं मूल ऐकतंच की. पण पोटात एक खडा राहिला होता. दुपारी वाऱ्याने दार धाडकन आपटे आणि ढब्बू झोपलेलीच राही. शेजारणी म्हणत, "गुणाची गं पोर तुझी! आमच्या कारट्यांना सुई पडली तरी जाग." ती हसे, आणि संध्याकाळपर्यंत तिला चैन पडत नसे. संध्याकाळी पूल उडायचा. ढब्बू दचकायची. मग खडा जरा बाजूला सरकायचा आणि तिला जेवण जायचं. सिनेमात काय चाललंय हे तिला विचारलं असतं तर कधी सांगता आलं नसतं. ती खाटेकडे बघत बसलेली असायची.

असं असताना आवाज दुरुस्त करायला तीच निघाली, कारण एका संध्याकाळी दूध पाजून तिने ढब्बूला नुकतं आडवं केलं होतं आणि टँकर उडाला. पोर दचकली, दूध उलटून नाकात गेलं, ओठ काळेनिळे पडले. तिने तिला पालथी घालून पाठ थोपटली, थोपटली, आणि एकदाचा श्वास आला.

"बस्स झालं," ती नवऱ्याला म्हणाली. "ऐकू येतं, कळलं ना आपल्याला? मग रोज रोज कसली परीक्षा घेतोस तिची?"

"मी घेतो का? हा डबा घेतो," तो म्हणाला, पण त्याचाही चेहरा उतरला होता. "विकून टाकू?"

"विकायला कशाला हवा? बिघाड आहे तो शोधायचा."

शोधायचं कसं हे तिला ठाऊक होतं. ढब्बूच्या आधी ती कपडे धुण्याच्या मशीन बनवणाऱ्या एका कंपनीच्या हेल्पलाइनवर होती. कानाला फोन लावून लोकांच्या घरातल्या मशीन लांबून दुरुस्त करायच्या. तिथल्या मोठ्या बाई कडक होत्या. नव्या मुलींना त्या दोनच गोष्टी शिकवायच्या आणि चुकलं तर सगळ्यांदेखत पाणउतारा करायच्या. पहिली, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दुसरी, बिघाड गेला म्हणून फोन ठेवायचा नाही. जे बदललं ते गिऱ्हाइकाला पूर्ववत करायला सांगायचं. बिघाड परत आला तरच कारण सापडलं. नाहीतर नुसतं साप साप म्हणून भुई धोपटणं.

दुसऱ्या दिवशी दुपारी नवरा गाडीवर असताना तिने पदर खोचला. ढब्बू खाटेत उशीला टेकून कापडाचा ससा चघळत होती. सासऱ्यांना तिने पाण्याचा पेला देऊन सोफ्यावर बसवलं.

"बाबा, तुम्ही माझं मीटर. बोलणं कळलं की बोट वर करायचं."

"आणि नाही कळलं तर?"

"तर तुम्ही एरवी करता तेच करा. माझ्या नावाने बोटं मोडा."

म्हातारा खुदकन हसला.

तिने एक प्रसंग ठरवला आणि तोच पुन्हा पुन्हा लावायचा ठरवलं. पुलावर एक म्हातारा एका सैनिकाला काहीतरी कळकळीने सांगतो, दोघं मिठी मारतात, आणि पूल उडतो. पहिल्यांदा जसं होतं तसंच लावलं. म्हाताऱ्याची कुजबुज, सासऱ्यांचं बोट मांडीवरच. पूल उडाला. खिडकीची तावदानं थरथरली, ढब्बूच्या हातातला ससा उडाला आणि ती रडायला लागली. आईने तिला उचलून शांत केलं आणि परत बसवलं. बिघाड जागेवर आहे याची नोंद झाली.

मग ती प्लेअरच्या सेटिंगमध्ये शिरली. एकात एक गुंतलेल्या पानांमधून शेवटी आवाजाचं पान सापडलं. प्लेअर समजत होता की या घरात सहा स्पीकर आहेत. सिनेमातलं बोलणं मधल्या स्पीकरसाठी वेगळं काढलेलं असतं. यांच्या घरी मधला स्पीकर नव्हताच. म्हणजे इतके महिने तो डबा सगळे शब्द इमानेइतबारे अशा जागी पाठवत होता जिथे घ्यायला कुणी नव्हतं. यांच्या वाट्याला येत होता तो कडेकडेने सांडलेला चोथा.

तिने दोन स्पीकर असं ठरवून दिलं. बाकी कशाला हात लावला नाही. प्रसंग पुन्हा लावला.

"माझ्या मुलाला सांग," पुलावरचा म्हातारा खणखणीत म्हणाला, "की मी वाट बघितली."

सासऱ्यांचं बोट ताडकन वर गेलं. "अगं, हा रडतोय होय! मला वाटलं होतं, पत्ता विचारतोय!"

ती हसली, आणि पूल उडाला. ढब्बू दचकली, रडली. अर्धं काम झालं होतं. बोलणं आलं होतं, पण दणका तेवढाच होता.

आता पैलवान. फळ्यांच्या जमिनीवर, कोपऱ्यात, दोन भिंतींच्या मध्ये. तिथे तो घुमणार नाही तर काय करेल? तिने कपाटातून जुनी जाड गोधडी काढली, चार पदरी घडी घातली, आणि पैलवानाला ओढत ओढत खोलीच्या दुसऱ्या टोकाला, दारामागे नेऊन गोधडीवर बसवलं. घामाघूम झाली. खोका बाजूला झाल्यावर खाटेच्या पायापाशी, जिथे तो टेकून असायचा, तिथे लाकडाचा रंग घासून निघालेला दिसला.

"गादीवर बसवलास त्याला?" सासरे म्हणाले. "आता तो लोळेल, काम करायचा नाही."

तिने प्रसंग लावला. बोलणं स्पष्ट. मिठी. सासरे ऐकण्यात एवढे रंगले होते की पूल उडाला तेव्हा त्यांच्याच हातून पेला निसटला आणि सगळं पाणी धोतरावर सांडलं. आवाज कमी झालाच नव्हता. तो नुसता मोकळा झाला होता, आता जमिनीखालून न येता हवेतून सरळ कानावर येत होता. तिच्या कानठळ्या बसल्या. खाली झाडूचा दांडा छतावर आपटला.

ढब्बू सशाचा कान चघळत होती.

तिने मान वर केली नाही. पापणीसुद्धा हलली नाही. कानाच्या शेंड्यावर लाळ जमली होती, ती तिने अंगठ्याने पसरवली आणि कान पुन्हा तोंडात घातला.

"झालं बघ!" सासरे धोतर झटकत म्हणाले. "आता नाही दचकली. जिंकलीस, पोरी!"

तीही क्षणभर जिंकली होती. अगदी क्षणभरच. रिमोट हातात धरून ती उभी होती, आणि मग तिची नजर सासऱ्यांच्या ओल्या धोतरावर गेली. म्हातारा दचकला होता. ज्याला बोललेलं ऐकू येत नाही तो दचकला होता.

फोन ठेवावा, असं तिला वाटलं. हेल्पलाइनवर पुष्कळ मुली ठेवायच्या. बिघाड गेला ना, गिऱ्हाईक खूश आहे ना, आणखी काय पाहिजे. पण मोठ्या बाईंनी तिला चांगली मुरवली होती. ती गेली, पैलवानाला गोधडीवरून उतरवलं, ओढत परत कोपऱ्यात नेलं आणि खाटेला टेकवलं.

"काय गं, परत का?" सासऱ्यांनी विचारलं. तिने प्रसंग पुन्हा लावला.

पूल उडाला. ढब्बूचे हात फाकले, बोटं ताणली, ओठ बाहेर आला.

तिने रडणाऱ्या पोरीला उचललं नाही. त्या दुपारचं तिला पुढे कधी काही आठवलं तर हेच आठवे, की आपण तिला उचललं नाही. तिने पुढे होऊन खाटेच्या कठड्यावर हात ठेवला आणि प्रसंग पुन्हा लावला. लाकडातून तिच्या तळव्याला धक्का बसला, कोपरापर्यंत गेला. पैलवान पोरीला आवाज देत नव्हता, खाट हलवत होता.

मग तिने ढब्बूला उचललं, गप्प केलं, सोफ्याच्या गादीवर पाठमोरी बसवलं आणि स्वयंपाकघरातून दोन पातेल्यांची झाकणं आणली. तिच्या पाठीमागे, वारा लागणार नाही इतक्या लांबून, तिने ती एकमेकांवर आपटली. सासऱ्यांनी डोळे मिटून घेतले. ढब्बू सोफ्याच्या शिवणीतून सुटलेला दोरा ओढत होती. पुन्हा आपटली. दोरा लांब आला म्हणून ढब्बू खूश होऊन किंचाळली.

ती झाकणं हातात घेऊन तिथेच खाली बसली. इतके दिवस जमवलेले पुरावे आता एकेक करून येत होते आणि समोर मोडून पडत होते. मी खोलीत आले की रडं थांबतं. मी दिसते म्हणून. अंगाई म्हटली की झोपते. पण तिला छातीवर घेऊन म्हणते मी, खाली ठेवून कधी म्हटली? बाबाचा जिना चढतानाचा आवाज ओळखते, असं सगळ्यांना किती कौतुकाने सांगितलं; जिन्याच्या फळ्या तर तिच्या खाटेपर्यंत हलतात. सगळं कातडीने. पोरीने बिचारीने जेवढं जमेल तेवढं कातडीने ऐकलं होतं.

सासरे जवळ येऊन जमिनीवर बसले. गुडघे कुरकुरले. मग म्हणाले, "मला वाटत होतं."

तिने मान वळवली.

"ती डोळ्यांत बघत नाही आपल्या. तोंडाकडे बघते. गिरणीत आम्ही सगळे तसंच बघायचो. मागांच्या आवाजात ऐकायचं कोण? ओठ बघायचे. मी अजून तसंच बघतो." त्यांनी ढब्बूकडे बघितलं. "तिने पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे तसं बघितलं तेव्हाच काळजात लक्कन झालं माझ्या."

"आणि बोलला नाहीत?"

"काय बोलू? रोज संध्याकाळी तो पास, पास करून नाचायचा. म्हाताऱ्याच्या तोंडून अभद्र कशाला काढायचं? आणि दचकत होतीच की. मलाही वाटलं, आपलीच नजर वाईट."

तिला त्यांचा राग आला. मग वाटलं, आपणही तर शेजारणींसमोर हसतच होतो. राग कुठे ठेवावा ते तिला कळेना.

"आज सांगू नकोस त्याला," सासरे म्हणाले. "खोका जिथे होता तिथेच आहे. राहू दे. दोन दिवस राहू दे."

खोका खरंच जिथे होता तिथेच होता. काहीच करायला नको होतं. संध्याकाळी पूल उडाला असता, ढब्बू दचकली असती, तो नाचला असता. तिने त्या कोपऱ्याकडे पाहिलं. घासलेलं लाकूड, खाट, पैलवान. आणि तिला कळलं की आपल्याला हे किती हवंय, इतकं हवंय की आपण ते सहज करू. त्या जाणिवेनेच ती उठली. पैलवानाला तिने पुन्हा ओढत दारामागे नेलं आणि गोधडीवर बसवलं.

संध्याकाळी नवरा आला. अंगाला भाजलेल्या पिठाचा वास, खांदे उतरलेले. आल्या आल्या त्याने ढब्बूच्या पोटात नाक घुसळलं आणि मग प्लेअर लावला.

"अरे वा! बोलायला लागली की माणसं! काय जादू केलीस?" तो सोफ्यावर पसरला. "बाबा, आज रिमोटची नोकरी गेली तुमची."

सासरे हसले नाहीत.

गाडी घाटातून कोसळली. स्फोट झाला. तो सवयीने खाटेकडे वळला, मुठी अर्ध्या वर आल्या होत्या. ढब्बू दिव्याकडे बघत पाय चोखत होती.

"घ्या! आता भीती गेली हिची," तो म्हणाला. "शूर झाली माझी ढब्बू."

"टीव्ही बंद कर," ती म्हणाली.

"का गं?"

"कर ना. बोलायचंय."

तिने सांगितलं. लांबण लावली नाही, रडली नाही. काय बदललं, मग काय झालं, परत काय केलं, मग काय झालं. एकामागून एक, हेल्पलाइनवर सांगत असल्यासारखं. तो ऐकत गेला आणि त्याचा चेहरा दगडासारखा होत गेला.

"काहीतरीच," तो म्हणाला. "आवाज काढते की ती दिवसभर. बहिरं मूल आवाज काढतं का?"

"काढतं. सुरुवातीला सगळीच काढतात."

"कुणी सांगितलं?"

"मी शोधलं दुपारी."

"शोधलं म्हणे! तुला दुसरा उद्योग नाही. घरात बसून बसून..." तो उठला. दारामागे गेला, पैलवानाला गोधडीवरून एका हाताने उचलला आणि धाडकन कोपऱ्यात, खाटेला लावून ठेवला. प्लेअर लावला. आवाज टोकाला नेला. गाडी घाटातून कोसळली आणि ढब्बूचे हात फाकले.

"हे काय मग? हे काय?" तो ओरडला. "दचकली की नाही? बाबा, तुम्ही बघितलंत ना? दचकली की नाही?"

सासऱ्यांनी जमिनीकडे बघितलं. ढब्बू रडत होती. त्याने तेच दृश्य पुन्हा लावलं. गाडी पुन्हा कोसळली. ढब्बू पुन्हा उडाली. तो पुन्हा लावायला निघाला तेव्हा ती त्याच्या पाठीमागे गेली आणि दोन्ही तळव्यांनी तिने त्याचे कान घट्ट दाबले. त्याने डोकं झटकलं. तिने सोडलं नाही. सासरे उठले, मुलाचा हात धरून त्यांनी तो खाटेच्या कठड्यावर ठेवला, आणि दुसऱ्या हाताने स्वतः रिमोटचं बटण दाबलं.

गाडी कोसळली.

तिच्या तळव्यांखाली त्याचा जबडा हलायचा थांबला. तो कठड्यावरच्या आपल्या हाताकडे बघत राहिला. सासऱ्यांनी भिंतीवरचं बटण बंद केलं तेव्हा खोलीत फक्त ढब्बूचं रडणं उरलं. तिने त्याचे कान सोडले आणि पोरीला छातीशी घेतलं. हनुवटी तिच्या टाळूवर टेकवून ती हुंकार देत राहिली. हळूहळू पोर निवली.

"कशाला दुरुस्त केलंस तू ते?" तो म्हणाला. रागाने नाही. लहान मुलाने विचारावं तसं. "चांगलं चाललं होतं की गं आपलं."

तो तिथेच जमिनीवर बसला. मग सावकाश उठला, पैलवानाला उचलून दारामागे गोधडीवर ठेवून आला, आणि खाटेचा पाय जिथे घासला होता तिथे अंगठा फिरवत बसला.

सकाळी तो गाडी घेऊन गेला नाही. दुसऱ्या ड्रायव्हरला फोन करून त्याने बदली मागितली आणि स्वयंपाकघराच्या दारात चहाचा कप हातात घेऊन उभा राहिला, पीत नव्हता. ती ढब्बूला मांडीवर घेऊन दवाखान्याचा नंबर लावत होती. तिकडे बराच वेळ संगीत वाजत राहिलं. तिला हेल्पलाइनवरची माणसं आठवली. कुणी तक्रार सरळ सांगायचं नाही. मशीन आवाज करते, दार नीट लागत नाही, असं काहीबाही आधी सांगायचे, आणि मूळ दुखणं शेवटी, जाता जाता. तेव्हा तिला त्यांची कीव यायची.

संगीत थांबलं. एका मुलीचा तरतरीत आवाज आला. "बोला, काय तक्रार आहे?"

"जन्मल्यावर एक तपासणी राहिली होती," ती म्हणाली. "म्हणजे झाली होती, पण... आम्ही परत यायचं होतं. मग घर, नोकरी... ते जमलं नाही."

"हो. पण आत्ता काय त्रास होतोय बाळाला?"

तिने दाराकडे बघितलं. नवऱ्याने मान खाली घातली. सासरे सोफ्यावर तिच्या ओठांकडे बघत होते. मांडीवर ढब्बूही मान मागे टाकून तिच्या ओठांकडेच बघत होती, लक्ष देऊन, जणू आता काहीतरी खास येणार आहे.

"मुलीला ऐकू येत नाही," ती म्हणाली.

हे त्या घरात मोठ्याने पहिल्यांदाच बोललं गेलं होतं. ढब्बूच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर.

"खात्री आहे तुमची? पुष्कळदा पालकांना उगीच..."

"पूर्ववत करून बघितलं," ती म्हणाली. तिकडच्या मुलीला ते कळलं नाही. ती कुठला दिवस सोयीचा आहे ते विचारू लागली. ढब्बूने हात वर केला, आईच्या हलणाऱ्या ओठांवर ओली बोटं ठेवली आणि खदखदून हसली.